उलट्या तारा

कारागिराच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि कारागीर एक. त्यामुळे एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसे आणि दुसरीवर जे येईल ते: वाळत घातलेले टॉवेल, शिळं वर्तमानपत्र, कुणाची तरी विसरलेली छत्री. गेल्या आठ महिन्यांपासून त्या दुसऱ्या खुर्चीवर एक गिटार बसत होती. तीही गिऱ्हाइकासारखीच, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून आणि आरशाकडे तोंड करून.

गिऱ्हाइकं त्याला कारागीर म्हणत आणि ते नाव त्याला आवडे. बायकोच्या माहेरी त्याला ‘धाकटे जावई’ म्हणत. ते मात्र आवडत नसे, कारण म्हणणारा आधी एक बारीक सुस्कारा टाकून मग म्हणायचा.

सुस्काऱ्याला कारण होतं. सासऱ्यांचा जन्म वाद्यं दुरुस्त करण्यात गेला होता. त्या घरात तान्हं मूल रडलं तरी ते भुकेनं रडतंय की पोटदुखीनं, हे नंतर बघत. आधी कुठल्या पट्टीत रडतंय ते बघत. दर वर्षी सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळं कुटुंब पुढच्या खोलीत जमे आणि गाणी होत. त्याचा नियम सासूबाईंनी घालून दिलेला: लग्न झालेल्यांनी जोडीनं बसायचं, एकानं गायचं आणि दुसऱ्यानं साथ करायची. सासूबाई गेल्या, पण नियम मागे ठेवून गेल्या, आणि गेलेल्या माणसाचा नियम मोडणार कोण?

मोठे साडू गात आणि मोठी मेव्हणी पेटी वाजवी. धाकटे जावई खुर्च्या लावत. बावीस वर्षं त्यानं खुर्च्या लावल्या, सरबत फिरवलं आणि टाळ्या वाजवल्या. त्याही एकदा चुकीच्या जागी वाजवल्या, म्हणून नंतर शेजारच्याचे हात हलल्याशिवाय तो आपले हलवत नसे. लग्नातच सासरे कुणाला तरी म्हणाले होते, ‘माणूस लाखात एक आहे. सूर नाही, पण आता काय करणार!’ सासऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य त्या घरात पाहुण्यासारखं आलं आणि भाडेकरूसारखं राहिलं.

स्वतःबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. खुर्च्या तर खुर्च्या. त्याला जाळायची ती दुसरीच गोष्ट. दोन बहिणींत गळा धाकटीचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठी मेव्हणी स्वतः ते कबूल करायची. पण जोडीनं बसायचा नियम, आणि जोडीदार हा असा. पहिल्याच वर्षी सासरे म्हणाले होते, ‘तू एकटी म्हण गं, ताई साथ करेल.’ त्यावर कारागिराची बायको म्हणाली, ‘आम्ही बसलो तर दोघं बसू, नाहीतर कुणीच नाही.’ आणि ती उठून सरबताचे पेले विसळायला गेली. बावीस वर्षं ती माहेरी गायली नव्हती. घरी भांडी घासताना मात्र नळाच्या आवाजाखाली गुणगुणायची, तिच्या आईनं शिकवलेलं एक जुनं चार कडव्यांचं गाणं. बाहेरच्या खोलीत कारागीर पेपर वाचत असल्याचं नाटक करत ऐकायचा. आपण एका चांगल्या गळ्याचं कुलूप झालो आहोत, असं त्याला वाटे आणि मग पेपरातलं काही वाचवत नसे.

अशात विमा कचेरीतल्या एका गिऱ्हाइकाची बदली झाली. सामान आवरताना त्याला माळ्यावर गिटार सापडली. ‘हौसेनं घेतली हो, पण आठ दिवसांत हात टेकले,’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडे एक खुर्ची रिकामी असते, तिथे राहील.’ कारागिरानं गिटार ठेवून घेतली. दोन दिवस तिच्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दार लोटून घेतलं.

शिकवायला मोबाइल होता. मोबाइलमध्ये एक दाढीवाला होता, जो फार प्रेमानं आणि सावकाश शिकवायचा. त्याच्या दाढीची डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब होती. पहिले चार धडे कारागिराचं सगळं लक्ष त्या दाढीकडेच होतं. पाचव्या धड्यापासून तो बोटांकडे बघू लागला.

आता इथे त्याच्या धंद्यातली एक खोच सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापासून झाला. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं नटाचा फोटो आणला आणि ‘अस्सा भांग पाहिजे’ म्हणून सांगितलं. कारागिरानं नीट विचार करून, नटाच्या डोक्याच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला भांग काढला. गिऱ्हाइकानं आरशात बघितलं, फोटोत बघितलं आणि तो ओरडला, ‘उलटा काढलात की हो!’ माणूस स्वतःला आरशातच बघतो. फोटोत जे डावीकडे दिसतं ते आरशात डावीकडे दिसलं, की त्याचं समाधान. मग खरं डोकं काय म्हणेल ते म्हणो. त्या दिवसापासून कारागिरानं कान पकडला. फोटो आरशाच्या कडेला खोचायचा आणि आरसा फोटोसारखा करायचा. ह्या एका नियमावर त्यानं तीस वर्षं निभावली.

तेव्हा गिटारीलाही त्यानं तोच नियम लावला. मोबाइल आरशाच्या कडेला खोचला, खुर्चीवर बसला आणि आरशातला आपण मोबाइलमधल्या दाढीवाल्यासारखा दिसेपर्यंत गिटार फिरवली. दाढीवाल्याच्या गिटारीची मान पडद्यावर उजवीकडे जात होती. आरशातही ती उजवीकडे गेली तेव्हा कारागिराचं समाधान झालं. म्हणजे प्रत्यक्षात मान त्याच्या उजव्या हातात आली आणि तारा छेडायचं काम डाव्याकडे गेलं. जगातले बहुतेक लोक ह्याच्या बरोब्बर उलट वाजवतात, हे त्याला सांगायला तिथे कोण होतं?

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. दाढीवाल्याची जाड तार वर, हनुवटीच्या बाजूला होती आणि आपली खाली, मांडीच्या बाजूला. कारागीर मनात म्हणाला, ‘अरेरे! विमावाल्याच्या तारा दुकानदारानं उलट्या लावून दिल्या. म्हणूनच बिचाऱ्याला आठ दिवसांत हात टेकावे लागले.’ विमावाल्याची त्याला मनापासून दया आली. त्यानं सहाही तारा काढल्या आणि उलट्या क्रमानं लावल्या. तारा डोक्याकडून जिथे मानेवर उतरतात तिथला हाडाचा छोटा तुकडा कुरकुरला, कारण बारीक तारेच्या खाचेत जाड तार मावेना. कारागिरानं नखांची कानस घेतली आणि खाचा रुंद केल्या. मग आरशात बघितलं. सगळं हुबेहूब.

आणि खरं सांगायचं तर, त्यानंतर शिक्षण रुळावर आलं. उजवा हात तीस वर्षं कात्री चालवलेला, बोटं वेगवेगळी हलायला तयारच होती. पण टोकं नाजूक. पहिल्या महिन्यात तारांनी ती इतकी सोलली की वस्तरा धरताना तोंडातून ‘स्स’ निघे आणि गिऱ्हाईक दचके. दुसऱ्या महिन्यात टोकांना घट्टे पडले. दाढी झाल्यावर गालावरून बोट फिरवून खुंट राहिलाय का बघायची त्याची जुनी सवय. आता बोटाला खुंट कळेना आणि गिऱ्हाइकाला मात्र बोट कळू लागलं. ‘आज नवा ब्रश का?’ एकानं डोळे मिटूनच विचारलं. तेव्हापासून गाल तपासायचं काम डाव्या हाताकडे गेलं.

‘बोटांना काय झालंय?’ बायकोनंही विचारलं.

‘कात्री,’ तो म्हणाला.

‘चारही बोटांना? टोकाला?’

‘नवीन कात्री आहे.’

ती शाळेच्या ग्रंथालयात वीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई. कुठल्या थापेवर बोट ठेवायचं आणि कुठली फळीवर तशीच राहू द्यायची, हे तिला कळत होतं.

सलूनमधला एकमेव श्रोता म्हणजे टपालवाला. तो दुपारी पत्रं टाकायला आला की बाकावर टेकायचा. पहिल्या महिन्यात तो म्हणाला, ‘कारागीर, दार लावून वाजवा. बाहेर कुणाला तरी मारताय असं वाटतं.’ तिसऱ्या महिन्यात म्हणाला, ‘आता मारत नाही वाटत, नुसतं दटावताय.’ पाचव्या महिन्यात तो काही न बोलता एक गाणं संपेपर्यंत बसला आणि एका गल्लीची पत्रं वाटायची राहिली. कारागिराला ह्यापेक्षा मोठी पदवी नको होती.

गाणं अर्थात तेच, नळाच्या आवाजाखालचं. दाढीवाला सांगायचा की कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवणं, आणि अशा तीन कॉर्ड आल्या की जगातली अर्धी गाणी वाजवता येतात. कारागिराला अर्धं जग नको होतं, एक गाणं पुरेसं होतं. एका संध्याकाळी त्यानं मोबाइल स्वयंपाकघरात डब्यामागे लपवून बायकोचं गुणगुणणं टिपून घेतलं. त्यात नळ होता, तवा खरवडल्याचा आवाज होता आणि मध्येच ‘अहो, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलात का?’ असं एक वाक्यही होतं. त्यानं ते शंभरदा ऐकलं. तीन कॉर्ड त्या सुरावर ठेवून बघितल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. कुठली कुठे बसते ते सापडायला दोन महिने गेले. ज्या दुपारी चारही कडवी अडखळल्याशिवाय पार पडली, त्या दुपारी ‘कचऱ्याचा डबा’ आल्यावरही तो थांबला नाही. नंतर त्यानं गिटार खुर्चीवर ठेवली, तोंडावर पाणी मारलं, आणि तरी डोळे ओले ते ओलेच राहिले.

सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस रविवारी होता. बायको सकाळीच बहिणीला मदत करायला माहेरी गेली. मागाहून कारागीर गिटार सलूनच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून घेऊन गेला आणि मागच्या दारानं आत शिरला. ठेवायची कुठे? सासऱ्यांच्या खोलीत कपाटाशेजारी दोन-तीन गुंडाळलेली वाद्यं आधीच उभी होती. त्यांच्यात आपलं चौथं खपून जाईल, असा हिशेब करून त्यानं ती तिथे उभी केली आणि तो खुर्च्या लावायला गेला.

गंमत अशी, की त्या खोलीत कपाटाशेजारी गुंडाळून ठेवलेलं वाद्य म्हणजे दुरुस्तीला आलेलं वाद्य, हा त्या घरातला साठ वर्षांचा रिवाज. सासरे निवृत्त झाले असले तरी लोक अजून आणून ठेवत. आणणारा चिठ्ठीसुद्धा लावत नसे, कारण सासऱ्यांना वाद्य उघडलं की दुखणं कळायचं. जेवणानंतर सासरे आडवे व्हायला खोलीत गेले. ते आडवे झालेच नाहीत. पांढऱ्या कापडातून गिटारीचं डोकं दिसलं आणि त्या डोक्यावर तारांचा भलताच क्रम दिसला. मग म्हाताऱ्याला कुठली झोप?

चार वाजता मैफल सुरू झाली. सासरे मधल्या खुर्चीवर, चेहरा नव्या नाण्यासारखा. ‘आज बाबा फार खुशीत दिसताहेत,’ मेव्हणी म्हणाली. सासरे नुसते हसले. मोठ्या साडूंनी गरम पाण्याचा घोट घेतला, गळ्याला गुंडाळलेला मफलर सैल केला आणि गायला सुरुवात केली. माणूस गातो चांगलं, पण थांबावं कुठे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गाणं एकदाचं संपलं. मग दर वर्षीचा विनोद झाला. साडू हात वर करून म्हणाले, ‘आणि आता धाकट्या जोडीसाठी टाळ्या! खुर्च्या सरळ रेषेत लावल्याबद्दल!’

सगळे हसले. बायको सवयीनं उठली आणि पेले गोळा करू लागली.

‘आज आम्ही पण बसतो,’ कारागीर म्हणाला.

बायकोच्या हातातले दोन पेले एकमेकांवर आपटले. ‘अहो, काय हे?’ ती हळूच म्हणाली. पण तो आत गेला होता. गिटार घेऊन बाहेर आला, कापड सोडलं आणि मांडीवर घेऊन बसला, तिची मान उजवीकडे करून.

‘उलटी धरलीय,’ मागून कुणीतरी कुजबुजलं.

त्यानं उजव्या हाताची बोटं पहिल्या कॉर्डच्या जागी ठेवली. आठ महिने ठेवली होती तिथेच, केसभरही इकडे-तिकडे नाही. डाव्या हातानं तारा छेडल्या. जो आवाज आला तो ऐकून मेव्हणीनं कानावर हात नेला आणि मग सभ्यपणानं केसांवरून फिरवला. कारागिरानं पुन्हा छेडल्या. पुन्हा तेच. टपालवाल्याचं पहिल्या महिन्यातलं मत त्या क्षणी कुणालाही पटलं असतं.

त्यानं खाली बघितलं. बारीक तार वर होती आणि जाड तार खाली.

‘कुणी हात लावला हिला?’ तो म्हणाला.

‘मी!’ सासरे अभिमानानं म्हणाले. ‘अहो, ही गिटार तुमची होय? मला वाटलं दुरुस्तीला आली. काय अवस्था करून ठेवली होती! कुणा गाढवानं सहाच्या सहा तारा उलट्या लावल्या होत्या. खाचा तर नखाच्या कानशीनं ओरबाडल्यासारख्या. मी हाडाचा तुकडा नवा बसवला, तारा सुलट्या लावल्या. आता बघा, कशी बोलते ती!’

कारागिरानं तारांवरून हात काढला.

‘बाबा,’ तो म्हणाला, ‘ते गाढव मी.’

मग जो हशा उठला तो थांबायला वेळ लागला. साडू हसता हसता खोकले आणि त्यांना गरम पाणी द्यावं लागलं. पण ते मनानं वाईट नव्हते. डोळे पुसत ते म्हणाले, ‘राहू दे हो, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी बसा.’

सुटकेची वाट उघडी होती. गिटार कापडात गुंडाळायची, आपणही हसायचं आणि सरबत फिरवायला लागायचं. बावीस वर्षांची सवय त्याला उठ, उठ म्हणत होती. त्यानं बायकोकडे बघितलं. ती पेल्यांचा ट्रे पोटाशी धरून उभी होती आणि हसत नव्हती. तिची नजर त्याच्या उजव्या हातावर, त्या चार बोटांच्या टोकांवर खिळली होती.

‘पुढच्या वर्षी नाही,’ कारागीर म्हणाला. ‘बाबा, तारा परत उलट्या लावून द्या.’

‘उलट्या?’ सासऱ्यांनी चष्मा काढला. ‘साठ वर्षांत ह्या हातांनी उलटं काम केलं नाही.’

‘मी आरशात बघून शिकलो. माझी सवयच आरशाची आहे. मला सुलटं एक अक्षर येत नाही आणि उलटं एक गाणं येतं. शंभर चुका असतील त्यात. पण ते येतं.’

सासरे चष्म्याच्या काड्या मिटू-उघडू लागले. ऐंशीव्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या देखत, चांगलं वाद्य आपल्याच हातानं बिघडवायचं, हे त्यांच्या गळी उतरेना.

‘कुठलं गाणं?’ बायकोनं विचारलं.

तो नुसती मान खाली घालून, जेमतेम ऐकू येईल एवढं गुणगुणला. चार सुरांतले दोन चुकले. पण मोठ्या मेव्हणीनं तोंडावर हात ठेवला आणि सासऱ्यांचा हात चष्म्यासकट हवेतच राहिला. ते गाणं त्या खोलीत सासूबाईंनंतर कुणी म्हटलं नव्हतं.

बायकोनं ट्रे खाली ठेवला.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘करा उलटं.’

सासऱ्यांनी मुकाट्यानं हत्यारांची पेटी मागवली. सुरीच्या पात्यानं हाडाचा तुकडा अलगद सुटा केला आणि फिरवून उलटा बसवला. कारागीर तारा सैल करून एकेक हातात देत होता आणि सासरे लावत होते. सासऱ्यांचे हात थोडे थरथरत होते. कारागिरानं खुंटीवर बोट दाबून तार धरली, म्हणजे त्यांना पीळ देता यावा. ‘पक्का हात आहे तुमचा,’ सासरे तारेकडे बघतच म्हणाले. ‘त्या जुन्या तुकड्यातल्या खाचा तुम्ही कानशीनं केल्या होत्यात?’

‘हो.’

‘ओबडधोबड होत्या. पण खोली बरोबर होती.’

ह्या कामाला वेळ लागणारच होता. साडूंनी घसा साफ केला. ‘तोवर मी एक छोटंसं...’

‘तुम्ही बसा,’ मेव्हणी म्हणाली.

तारा सुरात लावताना सासऱ्यांनी धाकट्या मुलीकडे बघितलं. तिनं सूर दिला. एकच सूर, पण नळ नसताना. कारागिराला इतक्या वर्षांत तो असा कधी ऐकायला मिळाला नव्हता, आणि त्याला वाटलं की साथ वगैरे राहू दे, आपण नुसतं ऐकावं. पण बायको त्याच्यासमोर येऊन बसली होती आणि तिनं मान हलवली.

पहिली कॉर्ड बरोबर लागली. दुसरीही. पहिलं कडवं सुरू झालं आणि खोलीतले सगळे हलायचे थांबले. गळा तोच होता, थोडा जाड झालेला, पहिल्या ओळीत जरा थरथरलेला. दुसरी ओळ संपता संपता कॉर्ड बदलायची होती आणि तिथे कारागिराची बोटं हरवली. सलूनमध्ये समोर आरसा असे. इथे समोर माणसं होती, आणि खाली बघावं तर बोटं अनोळखी दिसत होती. उजवं कुठलं, डावं कुठलं, काहीच समजेना. बोटं तारांच्या वर नुसती तरंगत राहिली.

बायको पुढच्या शब्दाकडे गेली नाही. आहे तो सूर तिनं तसाच धरून ठेवला. डोळे त्याच्या बोटांवर होते. सूर तिनं लांबवला, थोडा वर नेला, सावकाश खाली आणला, पुन्हा वर नेला, कुठे जायची घाईच नसल्यासारखा. कारागिराचं एक बोट टेकलं. मग दुसरं. मग तिसरं. कॉर्ड वाजली, आणि तेव्हा तिनं पुढचा शब्द उचलला.

‘वा!’ मोठे साडू डोळे मिटून म्हणाले.

चार कडव्यांत हे चारदा झालं. चारही वेळा तिनं सूर धरून ठेवला, दर वेळी निराळ्या वाटेनं फिरवला, आणि त्याची बोटं पोचल्याशिवाय पुढे गेली नाही. शेवटची कॉर्ड त्यानं वाजवली तेव्हा सासरे खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. मेव्हणी तर उघड उघड रडत होती.

साडू उठून जवळ आले. थांबावं कुठे हे त्यांना कळत नसलं, तरी गाणं त्यांना कळत होतं. ‘अगं, ती दुसऱ्या ओळीवरची जागा!’ ते म्हणाले. ‘चार वेळा घेतलीस आणि चारही वेळा वेगळी. माझा जन्म गेला, पण मला असा सूर धरता आला नाही. कुठे शिकलीस?’

‘शिकले कुठे, भाऊजी,’ ती म्हणाली. ‘हे यायचे होते ना.’

सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘आणखी एक होऊ दे,’ ते म्हणाले.

‘आम्हाला एकच येतं, बाबा,’ कारागीर म्हणाला.

‘मग तेच म्हणा.’

कारागिरानं बोटं पुन्हा तारांवर ठेवली. ह्या वेळी त्यानं घाई केली नाही.